एक वाजताचा लिलाव

दुपारी एकला मासळी विकायची, हा इसाफ्योर्दुरचा नेम.
खरेदीदार आता धक्क्यावर येत नाहीत,
आपापल्या गावी पडद्यापुढे बसून
दोनशे जण बोली लावतात,
आणि खाली शेडमध्ये बर्फावर कॉड पडून असतो
तोंड उघडं टाकून, जणू त्यालाही भाव ऐकायचाय.

त्या नोव्हेंबरात भाव ऐकूच येईना.
एक वाजून एक मिनिट, पडद्यावर गोल चाक फिरतंय.
एक वाजून चार. फिरतंयच.
मग फोन. आधी हुसाविकहून, मग रेक्याविकहून,
मग ती बाई, जी फक्त हॅडक घ्यायची आणि फक्त शिव्या द्यायची.
कधीतरी सगळं एकदम सुटायचं,
तोवर कोणीतरी एकच बोली तीनदा दाबलेली असायची.

मॅनेजर म्हणाले, मोठं यंत्र आणू.
कोटेशन टेबलावर होतंच.
हालगेर्दुर म्हणाली, आधी नाडी बघू द्या.

ती एक वाजायची वाट बघत बसली,
पायात लोकरीचे मोजे, ओले बूट रेडिएटरवर.
मी नवा. मला वाटलं, यंत्र धापा टाकत असणार.
तिनं आकडा दाखवला: प्रोसेसर आठ टक्के.
डिस्क गप्प. मेमरी अर्धी रिकामी.
"हे दमलेलं नाही," ती म्हणाली,
"हे ताटकळलंय."

मग तिनं डेटाबेसला एवढंच विचारलं:
कोण कोणासाठी थांबलंय?
उत्तरात नावं नव्हती, नंबर होते.
२०४ थांबलाय १८७ साठी,
१८७ थांबलाय ९१ साठी,
आणि असं मागे मागे जात
सगळी बोटं वळली १९ कडे.
१९ काहीच करत नव्हता.
बारा दहाला त्यानं दिवसाच्या बेरजेची ओळ उघडली
आणि तेव्हापासून कुलूप हातात धरून
नुसता उभा.

"तोडून टाकू?" मी विचारलं. एका ओळीचं काम.
"घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं," ती म्हणाली,
"पण तिथं माणूस असेल ना."
आणि ओलेच बूट चढवले.

१९ म्हणजे स्टेनग्रीमुर.
काट्याशेजारी, नाक लाल, हातमोज्यात पेन्सिल.
बोट अजून रिकामी होत होती.
"शेवटची पेटी आल्याशिवाय पान कसं मिटू?
अर्धा हिशोब मिटवणारा माणूस मी नव्हे."
वहीच्या काळात हे खरंच होतं.
वही त्याची एकट्याची होती,
तिच्यामागे दोनशे माणसं उभी नव्हती.

हालगेर्दुर रागावली नाही.
त्याच्या पेट्या मोजायला लागली, चौदा मोजल्या,
मग म्हणाली, प्रत्येक पेटी म्हणजे एक पूर्ण हिशोब
असं धरलं तर?
तो बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला.
"चालेल," म्हणाला, "पण बेरीज मीच करणार."

पुढचा आठवडा ती खोलीतून हलली नाही.
बेरीज लिलाव संपल्यावर व्हायला लागली.
एका बोटीचं नाव शोधायला
अठरा वर्षांच्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या जात होत्या,
काखेत कळसा आणि गावाला वळसा,
तिथं एक सूची बांधली.
आणि चारशे दारं होती, ती तीस केली.
मॅनेजर दचकले: कमी?
"चारशे जण एका दमात बोलले तर
कोणाचं ऐकता तुम्ही?"

सोमवार. एक वाजला.
एक वाजून दोन सेकंदांनी पहिली पेटी विकली गेली.
हॅडकवाली बाई, तीन लॉट, एकही शब्द नाही.
एक वाजून नऊ मिनिटांनी शेड मोकळी,
फरशीवर नुसतं बर्फाचं पाणी.

स्टेनग्रीमुर वर आला, बेरजेचा कागद घडी करून खिशात.
टेबलावरच्या फोनकडे जरा वेळ बघितलं,
मग रिसीव्हर उचलून कानाला लावला.
"चालू आहे," तो म्हणाला,
आणि हळूच जागेवर ठेवला.