अकरावं वळण

नकाशात ते साधंच होतं.
उजवीकडे, त्रिज्या ऐंशी मीटर,
बाहेर डांबराचं मोकळं मैदान, चूक पोटात घालायला.
हल्ली अशीच आखतात वळणं.
वाळूत रुतवत नाहीत, भिंतीवर आपटत नाहीत.
चुकलास? ये, जागा आहे, फिरून परत जा.
"इथे कुणी मरणार नाही," ताक योंग-हुन म्हणायचा,
आणि इंजिनिअर असून
हे वाक्य हळू आवाजात म्हणायचा.

समुद्र मागे ढकलला होता. चिखलात
लाखभर नळ्या टोचून पाणी काढलं,
वर मातीचे ढीग दोन वर्षं दाबून ठेवले.
शेजारी शहर उभं राहणार होतं,
त्याचा फलक उन्हानं पांढरा पडलाय.

मी पातळी मोजते. तिपाई, पट्टी, वही.
दर महिन्याला सगळा ट्रॅक जिथल्या तिथे,
अकरावं मात्र बोटभर खाली.
डांबर चढवलं. पुन्हा बोटभर.
पुन्हा चढवलं.

ग्वाक माल-सुन ट्रॅक झाडते.
शर्यतीनंतर टायरांचे काळे गोळे पडतात,
शेळीच्या लेंड्यांसारखे,
ते गोळा करता करता माझ्या वहीत डोकावली.
वाचता येत नव्हतं, आकडा मात्र ओळखला.
"इथून ओहोळ जायचा," म्हणाली,
"ओहोटीला आम्ही ऑक्टोपस खणायचो, मांडीभर चिखलात.
आईनं बजावलं होतं, ह्याच्याशी थट्टा नको.
माझा एक बूट अजून खाली आहे."

रविवारी गाड्या येतात. दोनशे तीसच्या वेगात
अकराव्याच्या पोटात शिरतात, आणि तिथे,
बरोबर तिथे,
मागची चाकं क्षणभर हलकी होतात.
कुणी पाय उचलतो.
कुणी उचलत नाही.
मलेशियाचा एक कोवळा पोरगा हेल्मेट काढून म्हणाला,
बाकी ट्रॅक घरी पडद्यावर पाठ केला होता,
हे एक वळण त्यात नव्हतं.
हात थरथरत होते आणि हसत होता.

ताकनं ते ऐकलं. खोदाईचा प्रस्ताव
त्याच्या टेबलावर आहे, सही व्हायचीय.
मी आकडे खरे लिहिते. शेऱ्याचा रकाना
कोराच ठेवते.

संध्याकाळी माल-सुन झाडत निघते,
नवव्यावरून दहाव्यावर, एका लयीत,
आणि कोरड्या, सपाट, झाडलेल्या डांबरावर
अकराव्याशी आली की
एक पाऊल लांब टाकते.