धागा-खर्च

पत्र्याच्या शेडमध्ये आत्ता शेहेचाळीस तरी असेल.
कूलरचं पाणी संपलंय, खस वाळून कुरकुरीत,
आणि मी एका यंत्राच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
तारा चाचपतोय.
लता दारातून विचारते, जेवायला येता
की तिथेच ताट सरकवू, रुपया टाकून?

अशी चार आहेत माझ्याकडे.
एक वजनाचं, इटारसीच्या फलाटावरून निवृत्त.
सगळ्यांना बावन्न किलो दाखवतं
आणि तिकिटामागे सगळ्यांना परदेशप्रवास.
मेहुणी त्यावर फार खूश असते.
बाकी व्हिडिओ गेम. एक मुका,
एकातला नायक डावीकडे वळत नाही.
आजचा रुपया त्यांना ओळखू येत नाही,
हलका लागतो, खाली ओकून टाकतात.

कोपऱ्यात येझ्दी, अठ्ठ्याहत्तरची,
जरीपटक्याच्या भंगारातून किलोच्या भावाने आणलेली.
एकच दांडी: आत दाबून उभी केली की किक,
खाली पाडली की गिअर.
पोटरीवरचा काळा डाग तिचाच.

हे सगळं सुरू झालं चोरीपासून.
हेमराज निखारेच्या घरी, गोळीबार चौकात, हातमाग.
त्याने मागावरून हातभर रेशीम उचललं,
मी सायकलच्या दुकानात रुपयाला भोक पाडलं,
आणि सीताबर्डीच्या एका जिन्याखाली,
चिंचमलातपुरेंच्या पार्लरमध्ये,
एकच नाणं आम्ही उन्हाळाभर खेळलो.
सोडायचं, खटका ऐकायचा, ओढून घ्यायचं,
विहिरीतून कळशी काढावी तसं.
जूनमधल्या एका दुपारी धागा तुटला.
पळालो ते थेट मोरभवनच्या स्टँडपर्यंत.
पुढे हेमराज सुरतेला गेला, पॉवरलूमवर.
पत्ता आहे माझ्याकडे. जुना.

मागच्या महिन्यात कळलं, चिंचमलातपुरे आहेत अजून,
त्रिमूर्तीनगरात, लेकीकडे,
आणि ते यंत्रही, गच्चीवर, ताडपत्रीखाली,
डोक्यावर कोरफडीच्या कुंड्या.
गेलो. भाव ठरला. मग न राहवून म्हणालो,
काका, माझ्याकडे तुमचं थोडं निघतं.
भोक, रेशीम, सगळं सांगितलं.

म्हातारा खर्रा घोटत होता.
"माहीत होतं ना बे मले. दोन पोट्टे,
एक तू, एक निखाऱ्याचा."
मग हटकलं काऊन नाही?
"मे महिन्यात कुठं गेले असते तुम्ही? ऊन पाह्यलं का?
आन् दोन पोट्टे खेळत दिसले
का चार अजून येत."

आतून वही मागवली, लाल कापडाची.
खर्चाचे रकाने: वीज, चहा, पोलीस, धागा.
धागा, चार रुपये. धागा, सहा.
पंधरा जूनपासून धागा, शून्य.
दिवाळीपर्यंत रोज,
त्याच शाईत, शून्य.

यंत्राचे पैसे त्याने दोनदा मोजून घेतले.
जुन्या उधारीचे घेईना.
खाली वाकून म्हणाला, दोन सायलेन्सरची हाय का? बसव मग.
टोपी दातात धरून ऐंशी वर्षांचा माणूस मागे,
प्रतापनगर चौकापर्यंत, दुसऱ्या गिअरमध्ये,
धुराने मागचे स्कूटरवाले शिव्या देत होते.
उतरताना एवढंच: "आवाज बराबर हाय."

आज पेटी उघडली.
दोन वॉशर, ठोकून चपटं केलेलं सोड्याचं झाकण,
झुरळाचा कोश,
ब्याऐंशी सालचे तीन रुपये, धड, बिनभोकाचे.
आमचं नाही.

पण पेटीच्या मागे पत्र्याला एक सांध आहे.
बोटाच्या टोकाला काहीतरी लागतंय.
तार असावी.
तार एवढी मऊ नसते.

लता म्हणते, आता शेवटचं विचारते.