पाणी येण्याची वेळ

वेंगुर्ल्याच्या बंदरावर नऊ वर्षं
मी पाण्याची उंची लिहीत होतो.
धक्क्याच्या खांबावर रंगवलेली पट्टी,
तिच्यावर शेवाळ, कालवं,
आणि हातात सरकारी वही :
वेळ, मीटर, वारा, शेरा.
शेऱ्यात बहुतेक वेळा काहीच नसायचं.

बाबल केळुसकर वही न बघता सांगायचा,
"आज आठव. भांगाचा पाणी, चढाचा नाय फारसा."
आणि नाहीच चढायचं.
चष्म्यावर मीठ, सायकलच्या चेनवर मीठ.
घरून आलेली शेंगाची चटणी
दोन दिवसांत गोळा व्हायची.

अम्मा एकदाच आली.
एसटीत तीनदा उलटी.
संध्याकाळी साडी घोट्यावर धरून वाळूत उभी.
"किती वाजता येतं?"
दिवसातून दोनदा.
"रोज?"
रोज.
"मोटार न लावता?"
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "एवढं पाणी, आणि एक घागर कामाचं नाही."

पहाटे उठून बघतो तर
माझी बादली, पातेली, तांब्या, चहाचं भांडंसुद्धा
काठोकाठ भरलेलं, वर ताटं झाकलेली.
नळाला तिथं चोवीस तास पाणी होतं.
मी सांगितलं नाही.

आता साखर पेठेत परत आलोय.
वैशाख. पत्र्याला हात लावला तर फोड येईल.
बोळात टॉवेलचे दोनच माग राहिलेत,
बाकी शेडांत शाळेचे गणवेश शिवतात.
आमच्या शेडात कुणीतरी
पाण्याचे निळे जार रचून ठेवलेत.
भाडं वेळेवर येतं, म्हणे.

इथल्या भरतीला चंद्र लागत नाही.
शरणप्पा लागतो.
सायकलच्या दांडीला बांधलेली लांब किल्ली
तो चौकातल्या खड्ड्यात घालतो,
तीन वेढे फिरवतो,
आणि कोंतम चौकापासून आमच्या दारापर्यंत
बायका जाग्या होतात.
पाचव्या दिवशी. पाइप फुटला तर सातव्या.
तिथीत बसत नाही. मी बसवून पाहिलं.

अम्माचं कॅलेंडर अजून खिळ्यावर आहे.
चौकोनांत पेन्सिलीचे आकडे :
३.१०. २.४५.
बारीक धार असेल तर उभी रेघ,
गढूळ असेल तर फुली.
माझ्या वहीपेक्षा नीट.
मधेच कुठेतरी एक शब्द, तेलुगूत,
जिलेबीसारखी गोल अक्षरं.
मी मराठी शाळेतला.
बोलतो, वाचता येत नाही.

शेजारच्या नरसम्मा बिटला यांना दाखवलं.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"समुद्रम् लिवलंय की रे."

जानेवारीच्या सहाला समुद्र.
एकोणतीसला समुद्र.
फेब्रुवारीत एकदा.
मार्चमध्ये एकदाही नाही.

मी मोबाइल काढला,
जुने फोन खाली, आणखी खाली सरकवत गेलो.
सहा. एकोणतीस.
मार्चमध्ये बंदराची तपासणी होती,
बहुतेक.

शेवटचा आकडा एप्रिलच्या एकवीसचा.
त्यापुढं कोरं.

पावणेतीनला बोळात सायकलची चेन वाजली.
नळ आधी खोकला,
मग नुसती हवा, बराच वेळ,
सुकतीचं पाणी खडपांतून निघून जातं तशी.
मी घागर लावली,
कमरेच्या बाजूला पोचा बसलेली.
"पहिलं सोडून दे, गंजाचं असतंय,"
अंधारातून नरसम्मा ओरडल्या.

सोडून दिलं.
मोरीतून फरशीवर, फरशीवरून उंबऱ्यापाशी,
ते माझ्या घोट्यापर्यंतही नाही आलं.
कोमट होतं.
तरी मी तिथंच उभा राहिलो,
लेंगा वर धरून.