पहिला श्वास

ल्युंगबीच्या प्रयोगशाळेत
पडद्याआड जुना गालिचा लपवलेला.
टोव्हला सांगितलंय: आत या, एकदाच हुंगा,
पट्टीवर खूण करा.
खूण पडते 'नकोसं'च्या जरा अलीकडे.

पंधरा मिनिटांत नाक सरावतं,
म्हणतं, कुठे काय?
डोळे मात्र चुरचुरत राहतात,
बेरजा चुकतात. हातचा विसरतो.

घरी जाताना बसमध्ये तिला आठवतं,
सून दारातच म्हणाली होती,
अजून वॉर्निशचा वास येतो हं इथे.
अस्गरला जाऊन चार वर्षं झाली.

किल्ली फिरवण्याआधी
ती पायरीवर थांबते,
थंडीत नाक कोरं होईपर्यंत.

मग दार उघडते.
एक श्वास.
अस्गर, उलटी ठेवलेली होडी, ओला ब्रश.

दुसऱ्या श्वासाला
नुसती खोली.