छत्रीखालचा घेवडा

पहिल्या भेटीला मी फावडं नेत नाही.
विचारते फक्त : सकाळी कोणत्या दारानं बाहेर पडता,
पायात काय असतं, हातात कप असतो का,
आणि कितव्या पावलाला थंडी वाजते?

नोलीन म्हणाली, मागचं दार. सपाता. कप.
अकराव्या.

म्हणजे अकरा पावलांच्या आत
पुदिना, थाईम, कोवळा पालक,
रश्शाला उकळी फुटल्यावर आठवलं
तरी गॅस बंद न करता खुडून आणता येईल असं सगळं.
पुढे कांदे-बटाटे, ज्यांची रोज विचारपूस लागत नाही.
अगदी कुंपणाशी सफरचंद आणि क्विन्स,
वर्षातून एकदा टोपली घेऊन ज्यांच्याकडे जायचं.

होबार्टचं ऊन उत्तरेचं.
वारा दुपारी तीनला डोंगरावरून उतरतो
आणि फाटक न वाजवता आत येतो.
दोन रविवार मी नुसत्या सावल्या मोजल्या,
कुंपणावर खडूनं खुणा केल्या.
माती तपासायला पाठवली.
घराच्या भिंतीलगत शिसं निघालं,
जुन्या पांढऱ्या रंगातलं.

इथे खायचं काही नको, मी म्हटलं,
इथे लॅव्हेंडर. वास घ्यायचा, चव नाही.
"अर्ल रंगवायचा," ती म्हणाली,
"दर पाच वर्षांनी. आधी सगळं खरवडून."
आणि भिंतीकडे बघत राहिली,
जणू भिंतच आता काही बोलेल.

मग मी नकाशा आणला.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर मीठदाणी, चष्मा, दोन लिंबं.
पन्हळीचं पाणी टाकीत, टाकीचं वाफ्यात,
सालं गांडुळांना, पॉसमसाठी जाळी
(रात्री येतो, बोक्याएवढा, बिल न देता जेवून जातो).
पश्चिमेला एक बाक, नदी दिसेल असा.
माझ्या फॉर्मात 'मनःस्वास्थ्य' असा रकाना असतो,
त्यात मी लिहिलं : बाक.

तिनं मधोमध बोट ठेवलं.
"हे कुठे गेलं?"

हे म्हणजे कपडे वाळवायची ती लोखंडी छत्री,
एक खांब, चार हात, वर तारांची कोळिष्टकं.
काढू या, मी म्हटलं. सहा तास ऊन तेवढ्याच जागी आहे.
टोमॅटो तिथेच होतील.

ती वाद घालायला बसली नाही. मला अंगणात नेलं.
छत्री हातानं गर्रकन फिरवली. करकरली.
एक हात वाकडा. "पेट्रा लटकली होती, सात वर्षांची असताना.
आता पर्थला असते. तिचीच मुलं लटकतात कुठेतरी."
मग माझ्याकडे वळून :
"शाश्वत शाश्वत म्हणत होतीस ना मघापासून?
ही साठ सालापासून उन्हावर चालते.
चादरी काय तुझ्या टोमॅटोवर वाळत घालू?"

खोडरबर माझ्याच खिशात होता.

टोमॅटो सरकले, थोड्या कमी उन्हात,
थोडे रुसलेले.
खांबाच्या पायथ्याशी घेवडा लावला.
छत्री वाऱ्यानं फिरली तर वेल पिळवटेल,
म्हणून नोलीननं ती जुन्या पायमोज्यानं बांधून टाकली.
दोन हात घेवड्याला, दोन चादरींना.
सोमवारी धुणं. ठिबकतं ते लेट्यूसवर.
हे माझ्या नकाशात नव्हतं.

लसूण मात्र आम्ही वेळेवर लावला,
वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, जूनमध्ये,
बोटं बधिर, ती म्हणाली सगळ्यात मोठ्या दिवशी काढू,
आणि त्याबाबतीत ती एक दिवसही हलत नाही.

जानेवारीत गेले तेव्हा
बाकावर शेवाळं नव्हे, पण पानं साचलेली.
नदी दिसत होती. बघायला कुणी नव्हतं.
नोलीन छत्रीखाली, पालथ्या बादलीवर,
अर्धी चादरीच्या सावलीत, अर्धी वेलाच्या,
मांडीवर शेंगा सोलत.
"बस," म्हणाली. दुसरी बादली होती.

निघताना तिनं चिमट्यांची पिशवी रिकामी केली
आणि शेंगांनी भरून दिली.
घरी निवडताना दोन लाकडी चिमटे निघाले.
परत द्यायचे राहूनच गेलेत.
एकानं सध्या मी नकाशे एकत्र धरते.
दुसरा कुठे गेला, शोधायला हवा.