तीसपर्यंत

वर्ला ओस्टबी काउंटरवर डबा उलटा करून किंमत बघते,
भागिले पन्नास, पेन्सिल कानामागे.
पोलादी कवचाचा डबा चार डॉलरने स्वस्त.
पण मागच्या शनिवारी त्यातलीच तीन काडतुसं
फुसकी निघाली.

दुकानदार म्हणतो, कागदालाच तर भोकं पाडायची,
कागद काय तक्रार करणार?

कागद नाही करत.
पण चाप ओढल्यावर नुसतं टक् वाजलं
की नळी लक्ष्याकडेच धरून तीस आकडे मोजायचे,
हार्लनने शिकवलेलं.
उशिरा पेटतात काही, तो म्हणायचा,
माझा भाऊ बघ.

ती मोजते तेव्हा मोंटानाचा वारा थांबत नाही,
शेजारच्या लेनमधली पोरं थांबतात.
एकोणीस. वीस.
इस्पितळातही तिने असंच मोजलं होतं
त्याच्या एका श्वासापासून
दुसऱ्यापर्यंत.
तीसच्या पुढेही मोजत राहिली,
नर्सने खांद्याला हात लावेतो.

ती पितळी कवचाचे दोन डबे पुढे सरकवते.
आठ डॉलर जास्त. म्हणजे
आठवडाभर कॉफी घरचीच.

पिशवी देऊ?
नको. रिकामी कवचं परत आणली तर
किलोला काय देशील, ते सांग.