सराट्याच्या वर्षी

सांताक्रूझ बेटावर, गारापातेरोच्या वाटेला,
नारसिसा काइसाबांदा जाळं लावते.
पहाटेचे साडेपाच. लाव्हा अजून गार,
निवडुंग तिच्याहून दुप्पट उंच.

फिंच अडकतो. ती त्याला मुठीत घेते,
दोन बोटांत मान, हलकीच,
आणि चोचीला कॅलिपर लावते.
उंची बारा पूर्णांक एक.
"जाड," ती वहीला सांगते.

सुटल्यावर तो पालो सांतोच्या फांदीवर जातो
आणि गातो.
गातो म्हणजे
च्यू,
च्यू,
मधे एकेका श्वासाची जागा.
पलीकडचा, बारीक चोचीचा, मात्र
चाळणीतून रवा पडावा तसा
चिर्रर्रर्र.

प्रत्येक सुराला चोच उघडावी लागते, मिटावी लागते.
दाणा फोडणाऱ्या जबड्याला
एवढी घाई झेपत नाही.

ज्यानं चोच दिली तो चाराही देतो, म्हणतात.
इथं हिशेब उलटा.
पाऊस चुकला त्या वर्षी मऊ बिया आधी संपल्या,
मग उरला सराटा,
काट्यांचा, दगडासारखा.
ज्यांना तो फुटला ते राहिले.
चाऱ्यानं चोच निवडली,
गाण्याला कुणी विचारलंच नाही.

नारसिसाचे वडील डोंगरातल्या सालासाकाहून आले,
मालाच्या बोटीतून, सोबत एक पोतं
आणि पिंगुयो, तीन भोकांची बासरी.
प्वेर्तो आयोरात चाळीस वर्षं
त्यांनी दुसऱ्यांच्या भिंतींसाठी लाव्हा फोडला.
आता बोटं भोकांवर मावत नाहीत.
सणाला वाजवायला बसले
की जलद जागी सूर एकमेकांत अडकतात.
मग ते काही सूर गाळतात
आणि उरलेले लांबवतात.
पुतणे हसतात.
आई ढोल थोडा मागे घेते,
इतकाच, की कुणाला कळू नये.

फांदीखाली एक मादी आली आहे, मातकट रंगाची.
बारीक चोचीच्या झाडावर बसून झालं,
इथं आली, मान तिरकी केली.
च्यू.
थांब.
च्यू.
नारसिसानं पेन्सिल कानामागे खोचली.

ऊन चढायच्या आत जाळं गुंडाळायचं असतं,
पाखरं तापतात.
जाळं रिकामं होतं.
आज गुंडाळायला
उशीर झाला.